नाशिकमध्ये गॅलरी-स्टुडिओ उघडताय? आधी जागेचा कागद बघा

पुढच्या खोलीत चित्रं, मागच्या खोलीत कार्यशाळा. अशी छोटी गॅलरी काढणाऱ्यांचं घोडं बहुतेक वेळा अडतं ते जागेच्या कागदापाशी.

‘करार अकरा महिन्यांचा आहे, नोंदणीची गरज नाही’ हे घरमालक आजही बिनधास्त सांगतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 प्रमाणे भाडेकरार कितीही महिन्यांचा असो, तो लेखी आणि नोंदणीकृतच हवा. नोटरीचा शिक्का पुरत नाही. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे, तेव्हा डिपॉझिट देण्याआधीच हे बोलून घ्या. नोंदणी ऑनलाइन होते. महापालिका हद्दीत तिची फी 1000 रुपये, मुद्रांक शुल्क वेगळं.

जुन्या नाशकातला वाडा घेत असाल तर जास्त सांभाळा. घरपट्टी आजोबांच्या नावावर, भाडं घेणारा नातू आणि हिस्सेदार चार, असं हमखास असतं. करारावरचं नाव घरपट्टीशी किंवा वीजबिलाशी जुळलं नाही की जीएसटीच्या अर्जावर शंका निघते. सगळ्या हिस्सेदारांची संमती आधीच लेखी घ्या. फ्लॅट असेल तर सोसायटीचं ना हरकत पत्रही घ्या.

शॉप ॲक्टचं, म्हणजे दुकाने व आस्थापना कायद्याचं, काम त्या मानाने सोपं. दोन-चार कामगारांच्या गॅलरीला नोंदणी लागत नाही. व्यवसाय सुरू केल्याची ऑनलाइन सूचना द्यायची आणि पावती जपून ठेवायची. मुदत व्यवसाय सुरू झाल्यापासून 60 दिवस. इथेच लोक चुकतात, उद्घाटनापासून दिवस मोजतात. कार्यशाळेची फी महिनाभर आधीच घ्यायला लागला असाल, तर व्यवसाय तेव्हाच सुरू झाला. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, आधार-पॅनवर फुकट होते. तिच्यासाठी एजंटला पैसे देऊ नका, कळकळीने सांगते.

जीएसटीत मोठा गैरसमज 40 लाखांच्या मर्यादेचा. ती फक्त माल विकणाऱ्यांसाठी. कार्यशाळेची फी आणि दुसऱ्याच्या चित्रावरचं कमिशन ही सेवा झाली, म्हणून तुमची मर्यादा वर्षाला 20 लाख. एकूण उलाढाल त्यावर गेली की नोंदणी आलीच. अर्जावर शंका निघाली तर उत्तराला कामकाजाचे सातच दिवस मिळतात. नोटीस ईमेलवर आणि पोर्टलवर येते, घरी कागद येत नाही. ईमेल एजंटचा दिलात तर तुम्हाला पत्ताच लागणार नाही आणि अर्ज नामंजूर होईल. नवख्या चित्रकाराला एवढ्या कमी मुदतीत धावपळ करायला लावणं मला अजिबात पटत नाही.

पाटी मराठीत, देवनागरीत हवी. इतर भाषेतलं नाव चालतं, पण त्याची अक्षरं मराठीपेक्षा मोठी नकोत. 2022 पासून हे लहान आस्थापनांनाही लागू आहे. लोगो इंग्रजीत करून बसला असाल तर पाटी रंगवायला टाकण्याआधी बदलून घ्या. शॉप ॲक्टच्या सूचनेच्या अर्जाला पाटीसकट जागेचा फोटो जोडावा लागतो.