दोन भेटी पुरल्या

कोलेस्टेरॉल वाढल्याचा रिपोर्ट हातात आला की बहुतेकांच्या ताटातून आधी अंड्याचा बलक जातो. बिचाऱ्या बलकाचा दोष त्यामानाने थोडा. रक्तातलं बरंचसं कोलेस्टेरॉल शरीर स्वतःच बनवतं आणि बाहेरून जास्त आलं तर बहुतेकांचं शरीर आपलं उत्पादन घटवतं. खरी अडचण संपृक्त चरबीची : लोणी, मलई, चरबीचं मांस, पामतेल. एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, रक्तातून टिपून आत घेणारे ग्राही (रिसेप्टर) यकृताच्या पेशींवर असतात. (ते शोधणाऱ्या ब्राउन आणि गोल्डस्टीन यांना १९८५ चं नोबेल मिळालं.) संपृक्त चरबी जास्त झाली की या ग्राहींचं काम मंदावतं आणि एलडीएल रक्तातच फिरत राहतं.

ओट्स, बार्ली, कडधान्यं यांची वाट वेगळी. त्यांतले विरघळणारे तंतू आतड्यात बुळबुळीत होतात, चरबी पचवायला यकृत जी पित्ताम्लं बनवतं त्यांना धरून बाहेर नेतात. एरवी ही पित्ताम्लं शोषली जाऊन पुन्हा वापरात येतात. ती कमी पडली की यकृताला नवी बनवावी लागतात, आणि त्यांचा कच्चा माल म्हणजे कोलेस्टेरॉलच! ते मग रक्तातून उचललं जातं.

टोरांटोचे आहार-संशोधक डेव्हिड जेंकिन्स यांनी असे तंतू, सोया, बदाम आणि वनस्पती-स्टेरॉल (वनस्पतींतले कोलेस्टेरॉलसारखे पदार्थ) एकाच आहारात आणले. २००३ च्या प्रयोगात ४६ जणांना महिनाभर अन्न पुरवलं होतं. या आहारावरच्या गटाचं एलडीएल सुमारे २९ टक्के उतरलं, स्टॅटिन या कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या गोळीवरच्या गटाचं सुमारे ३१ टक्के. २०११ च्या प्रयोगात मात्र अन्न दिलं नाही, हा आहार कसा घ्यायचा ते फक्त शिकवलं. सहा महिन्यांनी घट १३ ते १४ टक्के. म्हणजे निम्मीच.

पण मला त्यातला दुसरा तपशील जास्त बोलका वाटतो. एका गटाला आहारतज्ज्ञाच्या सात भेटी मिळाल्या, दुसऱ्याला दोनच. फरक एका टक्क्याहूनही कमी! नुसत्या कमी चरबीच्या आहाराचा सल्ला मिळालेल्यांचं एलडीएल जेमतेम ३ टक्के उतरलं.

मोठ्या माणसाला ‘हे बंद, ते बंद’ सांगितलं की ताटात खड्डा पडतो आणि तो बिस्किटांनी, मैद्याने भरला जातो. त्यात हृदयाचा फायदा फारसा नाही. म्हणून शिकवताना प्रत्येक ‘बंद’पुढे लगेच ‘त्याऐवजी काय’ हवं : लोण्याऐवजी तेल, मांसाऐवजी कडधान्य, खारवलेल्या चिप्सऐवजी मूठभर बदाम. दीड-दोन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासलं की फरक आकड्यात दिसतो. कोलेस्टेरॉल आनुवंशिक कारणाने खूप चढलेलं असेल, तर मात्र आहाराच्या जोडीला औषध लागतंच.