बायोचारने जमिनीतील कीडनाशकांचे नियंत्रण

पिकांचे अवशेष अपुऱ्या हवेत तापवून केलेला कोळसा, म्हणजे बायोचार, मातीत मिसळून तेथील कीडनाशकांचे अंश बांधून ठेवण्याची पद्धत. कीडनाशकांत येथे कीटकनाशके, तणनाशके आणि बुरशीनाशके ही सगळीच धरली आहेत.

महाराष्ट्रात यासाठी कच्चा माल म्हणून पऱ्हाट्या (कापसाची वाळलेली झाडे), तुराट्या (तुरीच्या काड्या), उसाचे पाचट, मक्याची धाटे आणि भाताचे तूस मिळते. पऱ्हाट्या तशाही शेतात ठेवून चालत नाही. त्यांवर राहिलेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून बसते, म्हणून हंगाम संपला की त्या उपटून बहुधा बांधावर पेटवल्या जातात. उघड्यावर जाळले की मुख्यतः राख उरते. तेच काड हवा कोंडून साधारण 350 ते 700 अंश सेल्सियसला तापवले, तर वजनाच्या पाव ते एक तृतीयांश कोळसा हाती येतो. हैदराबादच्या केंद्रीय कोरडवाहू शेती संशोधन संस्थेने अशा काड्यांसाठी ड्रमची साधी, हलवता येणारी भट्टी तयार केली आहे.

काडाचा कोळसा कीडनाशके धरून ठेवतो, याचा ठळक पुरावा शेतातल्या जाळपोळीच्या अभ्यासातून आला. अमेरिकेतील आर्कान्सा विद्यापीठाचे यानिंग यांग आणि ग्वांगयाओ शेंग यांनी 2003 मध्ये गहू आणि भाताचे काड जाळून उरलेली काळी राख तपासली. डाययुरॉन हे तणनाशक धरून ठेवण्यात ती मातीपेक्षा 400 ते 2,500 पट प्रभावी निघाली. काम राखेतल्या खनिजांचे नव्हते, अर्धवट जळालेल्या कार्बनचे होते.

कोळशाच्या अतिसूक्ष्म छिद्रांत कीडनाशकाचे रेणू शिरतात आणि कार्बनच्या पृष्ठभागाला चिकटतात. यालाच अधिशोषण म्हणतात. भट्टी जितकी तापते तितकी छिद्रे आणि पृष्ठभाग साधारणपणे वाढतो; कमी तापमानाच्या कोळशात डांबरट अंश राहतो व पकड वेगळ्या प्रकारची असते. क्लोरपायरिफॉस या कीटकनाशकासारखी पाण्यात फारशी न विरघळणारी द्रव्ये कोळशाला घट्ट धरतात. ग्लायफोसेट या तणनाशकाचे तसे नाही. त्याचा रेणू ऋणभारित असतो आणि खतातला फॉस्फेट त्याच्याशी जागेसाठी स्पर्धा करतो. म्हणजे ‘बायोचार कीडनाशके शोषतो’ हे सरसकट विधान अर्धवटच ठरते. कोणते द्रव्य आणि कोणता कोळसा, हे आधी विचारायला हवे.

पिकावरचा परिणाम ऑस्ट्रेलियातील एका प्रयोगात दिसला. मातीत 1 टक्का बायोचार मिसळल्यावर कांद्याच्या पातीतील क्लोरपायरिफॉसचे अवशेष साध्या मातीतल्या पातीच्या 10 टक्क्यांवर आणि कार्बोफ्युरान या कीटकनाशकाचे 25 टक्क्यांवर आले. हा कोळसा मात्र निलगिरीच्या लाकडाचा आणि 850 अंशांना केलेला होता. ड्रममधल्या पऱ्हाटीच्या कोळशाकडून तेच आकडे अपेक्षिणे धाडसाचे होईल.

त्या 1 टक्क्याचा हिशेबही करून पाहावा. हेक्टरभर जमिनीच्या वरच्या 15 सेंटिमीटर थराचे वजन सुमारे 2,000 टन भरते, म्हणजे बायोचार लागेल 20 टन. हेक्टरी दोन-तीन टन पऱ्हाटी धरली तर त्यातून साधारण 600 ते 900 किलो कोळसा निघतो. एका शेताच्या स्वतःच्या काडावर ही मात्रा गाठायला 22 ते 33 हंगाम जातील. त्यामुळे सगळ्या रानात पसरण्यापेक्षा भाजीपाल्याच्या ओळीत किंवा फवारणीचे पंप धुण्याच्या जागी थोडक्या क्षेत्रात तो वापरणे जास्त शहाणपणाचे. पंप धुण्याच्या जागेसाठी स्वीडनमध्ये 1990 च्या दशकात काड, पीट (दलदलीतला अर्धवट कुजलेला वनस्पतींचा थर) आणि माती भरलेले खड्डे वापरात आले. त्यांत द्रव्य धरून ठेवले जाते आणि सूक्ष्मजीव ते कुजवतात.

कुजण्याचा हा भाग महत्त्वाचा आहे, कारण बायोचार कीडनाशक नष्ट करत नाही. बांधलेले द्रव्य पिकाला आणि झिरपणाऱ्या पाण्याला कमी मिळते, पण सूक्ष्मजीवांनाही कमी मिळते. परिणामी काही द्रव्ये जमिनीत उलट जास्त काळ टिकतात. अल्कधर्मी कोळशामुळे काहींचे पाण्याने होणारे विघटन वेग घेते, हेही दिसले आहे. काळाच्या ओघात मातीतले सेंद्रिय पदार्थ छिद्रे बुजवतात आणि पकड सैल होते.

तणनाशकाच्या बाबतीत तोटा थेट शेतकऱ्याच्या खिशाला बसतो. पेरणीनंतर, तण उगवण्याआधी मातीवर मारलेले अ‍ॅट्राझिन कोळशाने धरले की तण मरत नाही आणि मात्रा वाढवण्याचा मोह होतो. शिवाय नीट न केलेल्या कोळशात बहुचक्रीय सुगंधी हायड्रोकार्बने राहू शकतात. ती स्वतःच प्रदूषके आहेत. जमिनीचा सामूही (pH, म्हणजे आम्ल-अल्कपणाचे माप) पाहावा लागतो. कोकणातल्या आम्लधर्मी जांभ्या मातीला अल्कधर्मी बायोचार मानवतो. मराठवाडा-विदर्भातली चुनखडीयुक्त काळी माती मात्र आधीच 8 सामूच्या आसपास असते, आणि पऱ्हाटी तर तिथेच सर्वांत जास्त.