तुमच्या पॅनवर दुसऱ्यानंच लोन काढलंय? तक्रार कशी करायची आणि ती परत का येते

आमच्या शेजारच्या ताई शिलाई मशीनसाठी लोन मागायला बँकेत गेल्या, तर साहेब म्हणाले तुमचं आधीचंच लोन थकलंय. ताईंनी आयुष्यात कधी लोन घेतलेलं नाही. क्रेडिट रिपोर्ट (आपल्या नावावरच्या लोनची नोंदवही) काढला तर मोबाईल नंबर भलताच, पत्ता भलताच, फक्त नाव आणि पॅन त्यांचं. तक्रार केली, ती नामंजूर होऊन आली. असं बऱ्याच जणांचं होतंय म्हणून नीट लिहितोय.

तक्रार ज्याच्या नावावर लोन दिसतंय त्यानंच करायची, फी काही नाही. 'सिबिल क्लिअर करून देतो' म्हणणाऱ्यांना पैसे देऊ नका आणि ओटीपी तर अजिबातच देऊ नका. लोनच्या नोंदी ठेवणाऱ्या सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स, क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्यांकडून (यांनाच ब्युरो म्हणतात) वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. तो डाउनलोड करा, त्यावरचा कंट्रोल नंबर, म्हणजे रिपोर्टचा क्रमांक, लिहून ठेवा, ब्युरोच्या वेबसाईटवर डिस्प्यूट, म्हणजे नोंद चुकीची असल्याची तक्रार, टाका आणि 'हे खातं माझं नाही' हाच पर्याय निवडा. भलता मोबाईल नंबर आणि पत्ता यांचाही डिस्प्यूट टाका, ते बहुतेक जण विसरतात.

आता खरी अडचण. ब्युरो स्वतःहून नोंद काढत नाही, तो लोन देणाऱ्या कंपनीला विचारतो, कंपनी कॉम्प्युटरवर पॅन जुळतोय एवढंच बघते आणि 'माहिती बरोबर आहे' म्हणून कळवून मोकळी होते. म्हणून त्याच दिवशी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्यालाही ईमेल करा. रिपोर्टमध्ये बऱ्याचदा लोन ॲपचं नाव नसतंच, मागच्या फायनान्स कंपनीचं असतं, ईमेल तिला करायचा.

मग कंपनीवाले म्हणतात, लोन तुम्ही घेतलं नाही याचा पुरावा द्या. अहो, असा कागद कुठल्या ऑफिसात मिळतो? न घेतलेल्या लोनचा दाखला कुणाकडेच नसतो. इथे लोक हात टेकतात, तुम्ही टेकू नका, उलट त्यांच्याकडेच मागा: लोनचा करार, केवायसीची कागदपत्रं, सेल्फी, ओटीपी कुठल्या नंबरवर गेला आणि पैसे कुठल्या खात्यात जमा झाले. सोबत त्या महिन्याचं तुमचं बँक स्टेटमेंट जोडा. ताईंच्या केसमध्ये पैसे ज्या बँकेत गेले होते त्या बँकेत ताईंचं खातंच नव्हतं, आणि तिथून गाडी पुढे सरकली.

पोलिसांची तक्रार लागतेच. राष्ट्रीय सायबर क्राईम पोर्टलवर नोंदवा, प्रिंट घेऊन स्टेशनला जा. पोर्टलचा पोच नंबर म्हणजे एफआयआर नव्हे, आणि कंपन्या एफआयआर मागतात. स्टेशनला 'तुमचे पैसे गेले नाहीत ना, मग कसली तक्रार' असं ऐकून लोक परत येतात, याचा मला फार राग येतो. दुसऱ्याची ओळख लबाडीनं वापरणं हाच आयटी कायद्याच्या कलम ६६सी खाली गुन्हा आहे, ३ वर्षांपर्यंत शिक्षा आहे. कलम अर्जात लिहा आणि शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय हलू नका.

बायकांच्या बाबतीत आणखी एक, आधारवर माहेरचं नाव आणि पॅनवर सासरचं असेल तर ओळख पटत नाही म्हणूनच अर्ज परत येतो. विवाह नोंदणीचा दाखला किंवा नाव बदलाचं गॅझेट आधीच जोडा.

तक्रार निकाली काढायची मुदत ३० दिवसांची, पण ती लेखी तक्रारीपासून मोजायची, कस्टमर केअरला फोन केला त्या दिवसापासून नाही. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाईचा रिझर्व्ह बँकेचा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे, ती मागा. रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे (बँका आणि फायनान्स कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारा अधिकारी) सीएमएस या तक्रारींच्या पोर्टलवरून जाता येतं, मात्र आधी कंपनीला लिहिलेलं नसेल किंवा उत्तर यायच्या आतच दहाव्या दिवशी गेलात तर तक्रार तिथेच बंद होते.

आणि कृपा करून 'चार हजारच आहेत, भरून टाकू' असं करू नका. भरलंत तर लोन तुमचंच होतं असा अर्थ निघतो, वर रिपोर्टमध्ये 'सेटल्ड' (म्हणजे पूर्ण न भरता तडजोडीनं मिटवलेलं) लागलं तर पुढचं लोनही अडतं. आपल्याला नोंद पूर्ण काढून हवी आहे, तसं कंपनीकडून लेखी घ्या आणि महिन्याभरानं चारही रिपोर्ट पुन्हा बघा, कारण एका ठिकाणची नोंद गेली तरी दुसरीकडे राहिलेली असते.