चासी बंद करायची की उघडी ठेवायची, या वादामागची गोष्ट

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका गाळ्यात १९३० च्या फोर्ड मॉडेल ए ची नुसती फ्रेम, म्हणजे बॉडी आणि इंजिन ज्यावर बसतं तो लोखंडी सांगाडा, लाकडी ठोकळ्यांवर पडून आहे, बॉडी भिंतीला टेकवून ठेवलीय, आणि दोन महिने झाले काम अडकलंय कारण एकच प्रश्न सुटत नाही, फ्रेम आतून प्लेट मारून बंद करायची की नाही. हा विषय निघाला की लगेच दोन तट पडतात आणि दोन्हीकडचे आपापल्या जागी बरोबर असतात, हीच तर पंचाईत आहे. म्हणून मागचं सगळं जरा उलगडून लिहितोय, हॉट रॉड म्हणजे जुन्या गाडीत जास्त ताकदीचं इंजिन घालून केलेली वेगवान गाडी, एवढं ध्यानात ठेवा.

मॉडेल टी (१९०८ ते १९२७) वर फार रेंगाळत नाही. अमेरिकेतले तेव्हाचे रस्ते म्हणजे चिखल आणि चाकोऱ्या, त्यामुळे फ्रेम लवचिक, इंजिन तीनच ठिकाणी टेकवलेलं, पुढे एक आणि मागे एक आडवा स्प्रिंग, गाडी पिळवटली तरी चाकं जमीन सोडायची नाहीत. २० हॉर्सपॉवरला ते खपून गेलं. १९२८ ला मॉडेल ए आली, ४० हॉर्सपॉवरची, पण फ्रेमचा हिशोब तोच: दोन बाजूंना सी आकाराचे दाबलेले रेल (लांब पट्ट्या), उघडं तोंड आतल्या बाजूला, मध्ये तीन आडवे मेंबर (रेलना जोडणारे तुकडे) आणि सगळं रिवेटवर.

खरी गंमत १९३२ ला. त्या वर्षी २२१ क्युबिक इंचाचं व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन आलं, ६५ हॉर्सपॉवर, आणि त्याच्यासोबत फ्रेमच्या मध्यावर के आकाराचा मेंबर आला, पुढच्या वर्षी तर सरळ एक्स मेंबर. म्हणजे जोर वाढला की फ्रेम पिळते हे खुद्द बनवणाऱ्यालाच कळलं होतं, आज जे लोक 'ओरिजिनल फ्रेमला हात लावू नका' म्हणतात त्यांनी हे दोन वर्षांतले बदल जरा शेजारी शेजारी ठेवून बघावेत. कॅलिफोर्नियातल्या पोरांनी मुरोकच्या कोरड्या तळ्यावर गाड्या पळवताना तेच केलं, बॉडी मॉडेल ए ची कारण ती हलकी आणि स्वस्त, इंजिन व्ही-८ आणि जमलं तर खाली रेल ३२ चे. ते मिळाले नाहीत की ए चेच रेल आतून प्लेट मारून बंद करायचे. १९५५ ला शेवरोलेचं २६५ क्युबिक इंचाचं व्ही-८ आलं तेव्हा सगळ्यात साधं मॉडेलसुद्धा १६२ हॉर्सपॉवरचं होतं, ए च्या चौपट, मग तर उघडी फ्रेम ठेवायचा प्रश्नच नव्हता.

आता बंद केल्याने नक्की काय होतं. चार इंच उंच, दोन इंच रुंद आणि एक सूत (इंचाचा आठवा भाग) जाडीचा सी रेल घ्या आणि त्याच्या उघड्या बाजूला तेवढ्याच जाडीची प्लेट मारा. वाकायच्या ताकदीत फरक पडतो जेमतेम पाव पट. पण पिळायच्या बाबतीत कागदावरचा हिशोब चारशे पटीच्या आसपास जातो. पूर्ण फ्रेमला अर्थातच एवढा फायदा मिळत नाही, कारण रेल कितीही ताठ केला तरी आडवे मेंबर ज्या रिवेटवर बसलेत ते ढिले असले तर सगळं तिथूनच हलणार. लोक प्लेटवर पैसे घालतात आणि नव्वद वर्षं जुने रिवेट तसेच सोडतात, हे मी दोनदा बघितलंय.

मग दुसरा तट काय म्हणतो? आमच्या गाळ्याच्या मागे ट्रकचं काम करणारे एक मिस्त्री आहेत, चाळीस एक वर्षं हेच करतायत. ते येऊन फ्रेमभोवती एक चक्कर मारून म्हणाले, "दादा, चासीला खेळू द्यायचं असतं. बंद केलीत की वेल्डच्या कडेने तडकणार." आणि ट्रकसाठी हे शंभर टक्के खरंय. ट्रकची फ्रेम लांब, स्प्रिंग कडक, खडबडीत जागी फ्रेमच पिळून चाकांना जमिनीला धरून ठेवते, वर रेल बऱ्याचदा असल्या स्टीलचे की वेल्डिंगच्या उष्णतेने ताकद जाते, म्हणून ट्रकवाले वरच्या-खालच्या पट्टीला वेल्ड लावत नाहीत, मधल्या उभ्या भागात भोकं पाडून फिशप्लेट (जोडपट्टी) बोल्टने आवळतात. मॉडेल ए चा पत्रा साधा आहे, वेल्ड नीट घेतो. आणि गाडी छोटी, बॉडी हलकी, तिथे चाकांचं काम स्प्रिंगने करायचं, फ्रेमने नाही.

पण मिस्त्रींची ही समजूत आली कुठून, ते बघण्यासारखं आहे. फोर्डच्या गाड्या एके काळी मुंबईत जोडल्या जायच्या, ते १९५३ च्या सुमारास बंद पडलं. त्यानंतर रस्त्यावर मुख्यतः दोनच गाड्या, कुर्ल्यात बनणारी फियाट, म्हणजे पुढची पद्मिनी, आणि अॅम्बॅसॅडर, आणि या दोन्हीला वेगळी फ्रेम नव्हतीच, बॉडी हाच सांगाडा. म्हणजे दोन पिढ्या आपल्या बहुतेक कारागिरांनी कारची फ्रेम उघडून पाहिलेलीच नाही, पाहिली ती ट्रकची आणि फार तर जीपची. आपल्याकडचं फ्रेमचं सगळं शहाणपण ट्रकमधून आलंय, आणि ते कारला जसंच्या तसं लावलं जातं.

शब्दाचा घोळही तिथूनच. चासी. ट्रकवाल्यांच्या भाषेत चासी म्हणजे बॉडीशिवायची पूर्ण गाडी, इंजिन, अॅक्सल, चाकं सगळं धरून. मुंब्रा बायपासवरून अशा नुसत्या चासी रांगेने जायच्या ते आठवत असेल, केबिन नाही, काच नाही, ड्रायव्हर फळीवर बसलेला, तोंडाला गमछा. गॅरेजवाल्याची चासी म्हणजे फक्त फ्रेम. आणि आरसी बुकात 'चेसिस नंबर' लिहिलेला असतो तो तर फ्रेम नसलेल्या गाडीलाही असतो, पद्मिनीलाही होता. तीन माणसं एकच शब्द तीन अर्थाने वापरत भांडत असतात.

हे भांडण नुसतं गप्पांपुरतं राहिलं नाही, कायद्यातही शिरलं. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ हे २००० च्या दुरुस्तीनंतर असं झालं की कंपनीने मुळात दिलेल्या तपशिलापेक्षा आरसीवरचा तपशील वेगळा पडेल असा बदल मालकाने करायचा नाही. जानेवारी २०१९ ला देशातल्या सगळ्यात वरच्या कोर्टाने तेच ठामपणे सांगितलं आणि त्या दिवसापासून मॉडिफिकेशन हा शब्द ऐकला तरी लोक दचकतात. मग जुलै २०२१ ला जुन्या, म्हणजे व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम आले: पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेली दुचाकी किंवा चारचाकी, नवीन नोंदणीला २०,००० रुपये, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं, आणि गाडी मूळ रूपात हवी, चेसिस, बॉडी शेल किंवा इंजिनात बदल करणारं मोठं ओव्हरहॉल झालेलं नको. वाचायला सोपं आहे. पण आतून मारलेली एक सुती प्लेट म्हणजे चेसिसमधला बदल की दुरुस्ती? गंजून भोक पडलेल्या रेलला पॅच मारला तर कुणी बदल म्हणणार नाही, तोच पॅच एक फूट लांब केला तर? आणि पूर्ण रेलभर नेला तर? माझं मत विचाराल तर आतली प्लेट ही दुरुस्तीच्या जवळची आहे, नंबर जातो कुठे, ए मध्ये तो डाव्या रेलच्या वरच्या पट्टीवर बॉडीच्या पुढच्या टोकाखाली ठोकलेला असतो आणि प्लेट बसते आतल्या बाजूला. व्ही-८ घालणं ही वेगळी गोष्ट, ते सरळ सरळ बदलात मोडतं आणि तशी गाडी व्हिंटेजमध्ये नेऊ पाहणं म्हणजे स्वतःहून अंगावर ओढवून घेणं. मात्र एका जाणकाराने मला छातीठोक सांगितलं की चालेल आणि महिन्याने दुसऱ्याने तितकंच छातीठोक सांगितलं की नाही चालणार, दोघांनीही नियम माझ्यासमोर वाचला होता.

आता आपल्याकडची एक अडचण, जी त्या कोरड्या तळ्यांवर नव्हतीच. उघड्या सी रेलमध्ये पाणी गेलं तरी वाळतं, बंद पेटीत गेलं की बसून राहतं. ठाण्याचा चार महिन्यांचा पाऊस आणि वर खाडीची हवा, जुन्या पत्र्याला आणखी काय पाहिजे. म्हणून इकडे पूर्ण बंद फ्रेम करायची तर तळाला पाणी निघायला भोकं आणि आतून गंजरोधक मारायची सोय आधीच ठेवावी लागते, प्लेट बसल्यावर आत ब्रश जात नाही. आणि वेल्ड एका दमात ओढला तर रेल केळ्यासारखा होतो. सीओटू वेल्डिंगने एक-दोन इंच मारायचं, दुसऱ्या रेलला जायचं, परत यायचं, दर वेळी कर्ण मोजायचे, फ्रेम टेबलाला आवळलेलीच ठेवायची.

आमच्याकडे शेवटी पुढून इंजिनाच्या मागच्या माउंटापर्यंत आणि मागे स्प्रिंगच्या मेंबरजवळ दोन-दोन फूट बंद करायचं ठरतंय, मध्ये एक्स मेंबर आणि तेवढा भाग उघडा. कळंबोलीहून दीड सुती प्लेट येऊन पडलीय. मिस्त्रींना कागदावर काढून दाखवलं तर म्हणाले मधलं उघडं ठेवताय ना, मग ठीक आहे, आणि डाव्या रेलवरच्या नंबरावर जाड टेप लावून गेले.