सातबाऱ्यावरचे पिवळे प्रश्नचिन्ह

पीक कर्जासाठी देवगडच्या आंबा बागायतदाराने डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा उतरवून घेतला आणि अ‍ॅडोबी रीडरमध्ये उघडला, की स्वाक्षरीच्या चौकटीत पुष्कळदा पिवळे प्रश्नचिन्ह दिसते. ते पाहून कागद खोटा असल्याची शंका येते; प्रत्यक्षात त्या चिन्हाचा अर्थ वेगळा आहे.

स्वाक्षरी करताना फाइलमधील मजकुरावरून गणिती रीतीने एक ठरावीक लांबीचा सारांश काढतात. एसएचए-२५६ या प्रचलित पद्धतीत तो २५६ बिटांचा असतो, आणि क्षेत्राच्या आकड्यातील एक अंक बदलला तरी तो ओळखू न येण्याइतका पालटतो. हा सारांश अधिकाऱ्याच्या खासगी किल्लीने (फक्त त्याच्याकडे असणाऱ्या गुप्त संख्येने) मुद्रांकित होतो व जोडीच्या सार्वजनिक किल्लीने कोणालाही तपासता येतो. मात्र ती किल्ली त्याच अधिकाऱ्याची कशावरून? त्यासाठी एकाने दुसऱ्याची ओळख पटवून देणाऱ्या प्रमाणपत्रांची साखळी लागते. भारतात तिचे मूळ माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० नुसार नेमलेल्या प्रमाणन प्राधिकरण नियंत्रकाकडे आहे. हे मूळ प्रमाणपत्र रीडरच्या विश्वासू यादीत नसले, तर मजकूर अबाधित असूनही रीडर पिवळ्या प्रश्नचिन्हाने 'ओळख पटली नाही' एवढेच सांगतो. नियंत्रकाच्या अधिकृत संकेतस्थळावरील मूळ प्रमाणपत्राशी ताडून ते यादीत एकदा घातले, की हिरवी खूण उमटू शकते. लाल फुली आली, तर मात्र फाइल स्वीकारू नये.

क्रोमसारख्या ब्राउझरमध्ये फाइल उघडल्यास स्वाक्षरीची तपासणी होतच नाही, केवळ चित्र दिसते. छापील प्रतीचीही तीच गत. तिथे सातबाऱ्यावरील पडताळणी क्रमांकच कामाचा.

भरावयाच्या अर्जांचा घोळ याहून किचकट आहे. काजू उत्पादकांची कंपनी नोंदवणाऱ्यांना अनेक वर्षे जे पीडीएफ अर्ज भरावे लागले, ते एक्सएफए या रचनेचे होते. अ‍ॅडोबीबाहेरच्या बहुतेक प्रणालींत त्यांच्या जागी फक्त 'कृपया थांबा' अशा अर्थाचा इंग्रजी संदेश दिसे. २०१७ च्या पीडीएफ २.० मानकाने ही रचना कालबाह्य ठरवली, आणि ते योग्यच झाले. सरकारी अर्जासाठी नागरिकाला एकाच कंपनीच्या प्रणालीवर विसंबावे लागणे मुळातच गैर होते.

स्वाक्षरी झालेली फाइल 'प्रिंट टू पीडीएफ'ने पुन्हा जतन करू नये. नव्या फाइलमध्ये स्वाक्षरीचे चित्र उरते, गणित उरत नाही. बँकेला पाठवायची ती उतरवून घेतलेली मूळ फाइलच.