अडतो तो बाहेर सोडायचा श्वास

आमच्या गोव्यातल्या वाळपईच्या मावशीचा दम चवथीच्या आसपास हमखास वाढतो, पावसाची ओल असते, घरोघरी सर्दीताप असतो आणि त्यात तिची चाळीस वर्षं चुलीपुढे फुंकणी घेऊन गेलेली, विडी कधी हातात धरली नाही तरी सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या अरुंद होण्याचा फुप्फुसांचा जुनाट आजार, झालाच. यंदा भाच्यानं फार्मसीतून तो श्वास आत ओढून बॉल वर उचलायचा तीन बॉलवाला स्पायरोमीटर आणून दिला, ओढ म्हणाला जोरात. आणला मायेनंच, पण या आजारात मुख्य अडचण हवा आत घ्यायची नसते, बाहेर सोडायची असते.

तुम्हाला स्वतःला दम नसेल तर आत्ता करून बघा, पूर्ण श्वास घ्या, थोडासाच सोडा आणि त्याच्यावरच पुन्हा घ्या, परत तसंच. चार-पाच वेळांत छाती फुगून जीव घाबरा होतो. मावशीचं तेच होतं, फुप्फुसाची लवचिकता गेलेली, हवा सोडताना बारीक नळ्या मिटतात, वर कफ, मग जुनी हवा आतच कोंडते.

म्हणून फिजिओवाले आधी शिकवतात ते शीळ घालतो तसे ओठ करून सावकाश हवा सोडायला. ओठांशी अडलं की मागे नळ्यांत थोडा दाब राहतो आणि त्या उघड्या राहतात. पेप नावाची उपकरणं हेच करतात. त्यातलं फ्लटर मला फार आवडतं, आत एक स्टीलची गोळी, फुंकलं की ती उडते पडते, हवा थरथरते, कफ सुटतो, मग चष्म्याच्या काचेवर वाफ सोडतो तसं तोंड उघडून "हाऽऽ" करत तो वर आणायचा, खोकून दमायचं नाही. कॉक्रेन ही संस्था वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासते, तिच्या 2012 च्या आढाव्यात अशा कफ काढायच्या उपायांनी दम वाढलेल्यांना मशीनच्या श्वासाची गरज थोडी कमी लागलेली दिसली, फायदा लहानच, पण आहे.

रक्तात कार्बन डायऑक्साइड साठून रक्त आम्ल होतं, त्याचं माप म्हणजे पीएच 7.35 च्या खाली गेला की मात्र बायपॅपचा मास्क लागतो, श्वास घेताना जास्त दाब, सोडताना कमी, म्हणजे थकलेल्या स्नायूंना हात मिळतो. त्यानं जीव वाचतात, मास्क गुदमरवतो म्हणून पेशंट काढायला बघतो तेव्हा जवळ बसून समजवा.

आणि घरातलं ऑक्सिजनचं मशीन बोटाच्या ऑक्सिमीटरवर 98 टक्के दिसावं म्हणून वाढवू नका हो! या पेशंटांना साधारण 88 ते 92 वर ठेवतात, जास्त दिला तर कार्बन डायऑक्साइड चढतो. माणूस गुंगायला लागला, असंबद्ध बोलायला लागला, ओठ निळे पडले तर लगेच 108 ला फोन करा, आमच्या सत्तरी तालुक्यातल्या आतल्या वाड्यांवर गाडी पोचायला वेळ लागतो.