खुलासा: एमिली क्नगवारे ऐंशीव्या वर्षी अचानक चित्रकार झाल्या नाहीत

‘ऐंशीच्या उंबरठ्यावर आजीबाईंनी पहिल्यांदाच कुंचला धरला आणि जगप्रसिद्ध झाल्या!’ ऑस्ट्रेलियातल्या आदिवासी चित्रकार एमिली कामे क्नगवारे (सुमारे १९१०–१९९६) यांच्याबद्दल हे वर्षानुवर्षं सांगितलं जातं. ऐकायला झकास, पण अर्धवट.

कॅनव्हास आणि अॅक्रिलिक रंग त्यांच्या हाती १९८८-८९च्या सुमारास आले, एवढं खरं. पण १९७७पासून युटोपिया वस्तीतल्या बायकांबरोबर त्या बाटिक शिकल्या होत्या. मेणाने रेघ ओढायची, मग कापड रंगात बुडवायचं. त्याच्याही कितीतरी आधीपासून ‘अवेल्ये’ या बायकांच्या विधीत छाती-खांद्यांवर गेरूचे पट्टे ओढण्यात त्यांचा हात बसला होता. ही विद्या घरातल्या वडीलधाऱ्या बायकांकडून येते. तिला शिक्षण न मानता त्यांना ‘अशिक्षित प्रतिभा’ म्हणणं म्हणजे कमालच.

दुसरा गैरसमज, त्यांची चित्रं पाश्चात्त्य धर्तीची अमूर्त आहेत. मेलबर्नच्या नॅशनल गॅलरी ऑफ व्हिक्टोरियातलं त्यांचं १९९५चं, सुमारे ३ मीटर बाय ८ मीटरचं चित्र घ्या. काळ्यावर नुसतं पांढऱ्या रेषांचं जाळं. पण विषय आहे त्यांच्या अल्हालकेरे या पूर्वजांच्या भूमीतला रानकंद. (त्याचा वेल आपल्या मूग-उडदाच्या भाऊबंदांतला, बरं का!) कंद पोसला की वरची जमीन तडकते आणि बायका त्या भेगा हेरूनच खणतात. चित्रातल्या रेषा या मुळांच्या आणि भेगांच्या.